छप्पर आणि किल्ली : दोन डोंगरी गावे आणि पथिकांच्या वसतिगृहाचा इतिहास

राजगडाच्या पद्मावती माचीवर देवीचे देऊळ आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या किमान तीन पिढ्या त्या देवळात झोपल्या असतील. पावसाळ्यातल्या एका रात्री आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा आधीच तीसेक माणसे आडवी झालेली होती. कोणी कोण, कुठला, कोणत्या आळीचा, हे न विचारता एकाने आपली सतरंजी सरकवली आणि आमच्यासाठी दोन हात जागा झाली. त्या दोन हातांच्या जागेत पडल्यावर पन्हाळीचा आवाज ऐकत मनात एक साधाच प्रश्न आला होता : डोंगरात हिंडणाऱ्या अनोळखी माणसाला छप्पर देण्याची ही जी रीत आहे, तिला इतिहास आहे काय? असल्यास तो लिहायला कुठून आरंभ करायचा?

धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना, चावडी, देवळाची ओसरी हे आपल्या परिचयाचे शब्द आहेत. पण आज मनालीत, कसोलमध्ये किंवा बीरला पाठीवर सॅक टाकून जाणारा तरुण ज्या 'हॉस्टेल'मध्ये उतरतो, एका खोलीत सहा-आठ जणांबरोबर दुमजली खाटेवर झोपतो, त्या संस्थेचा वंशवृक्ष या शब्दांपाशी थेट पोहोचत नाही. तो जर्मनीतल्या एका डोंगरी गावापाशी जातो. गावाचे नाव आल्टेना. वेस्टफेलियातील झाउअरलांड या डोंगराळ मुलखात, लेन नदीच्या अरुंद खोऱ्यात हे गाव वसले आहे. तार ओढण्याच्या धंद्यासाठी ते शतकानुशतके प्रसिद्ध; आजही तेथे तारेचे संग्रहालय आहे. आणि गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या सोंडेवर, बाराव्या शतकातला किल्ला.

त्या गावाकडे जाण्याआधी एका शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे. जर्मन भाषेत या वसतिगृहाला 'युगेंडहेर्बेर्ग' म्हणतात. 'युगेंड' म्हणजे तारुण्य, तरुण पिढी. 'हेर्बेर्ग' हा शब्द फार जुना. त्याचे दोन धातू आहेत, एक सैन्य या अर्थाचा आणि दुसरा सांभाळणे, आसरा देणे या अर्थाचा. म्हणजे मूळ अर्थ लष्कराचा तळ. हाच शब्द फ्रेंचमध्ये 'ओबेर्झ' झाला, स्पॅनिशमध्ये 'आल्बेर्गे' झाला, इंग्रजीतल्या 'हार्बर'चे कूळही तेच. सैन्याच्या तळासाठी बनलेला शब्द कालांतराने वाटसरूच्या विश्रांतीचा झाला. शब्दांचे अर्थ असे पुढे सरकतात तेव्हा आपण त्याला प्रगती समजतो. ते पाऊल मागेही पडू शकते, हे या इतिहासात दिसते.

रिशार्ड शिरमान हा प्राथमिक शाळेतला मास्तर. जन्म १८७४चा, पूर्व प्रशियातल्या एका खेड्यातला. ते खेडे आज पोलंडमध्ये आहे. १९०१च्या सुमारास तो पश्चिमेकडे, रूरच्या कोळसापट्ट्यात गेल्झेनकिर्शेन येथे नोकरीला आला. तिथली मुले खाणकामगारांची. त्यांनी धूर पाहिला होता, राखेचे ढिगारे पाहिले होते; जंगल पाहिले नव्हते. शिरमान त्यांना वर्गाबाहेर काढू लागला. भूगोल चालत शिकायचा, वनस्पतिशास्त्र झाडाखाली. वरिष्ठांना हे रुचले नाही, आणि १९०३मध्ये तो आल्टेनाला आला. तेथे डोंगर उंबऱ्याशीच होता. मास्तर मुलांना घेऊन एक दिवसाच्या, मग दोन दिवसांच्या, मग आठवड्याच्या पायी सहली काढू लागला; आणि दोन दिवसांची सहल म्हटली की पहिला प्रश्न, रात्री झोपायचे कुठे?

साहित्याच्या अभ्यासकाला हे थोडे विचित्र वाटेल. जर्मन साहित्यात भटकंतीला काय तोटा! गटेचा विल्हेल्म माइस्टर भटकतो, आयशेनडॉर्फचा निरुद्योगी नायक व्हायोलिन घेऊन घराबाहेर पडतो, हायने हार्त्स पर्वतातून पायी जातो आणि त्यावर पुस्तक लिहितो. हायनेचे आणि आयशेनडॉर्फचे ही दोन्ही पुस्तके १८२६ या एकाच वर्षातली. ज्या भाषेत 'वांडर्न' या एका क्रियापदाभोवती निम्मी भावकविता उभी आहे, तेथे चालणाऱ्या मुलांना झोपायला जागा असू नये? पण त्या कवितेतला भटक्या बहुधा एकटा असतो, पुरुष असतो, आणि त्याच्या खिशात खाणावळीपुरते पैसे असतात किंवा नसले तरी कवी ते कुठून तरी आणून देतो. शिरमानपुढे तारकारखान्यातल्या कामगारांची बारा वर्षांची पोरे होती. स्वच्छंदतावादाने त्यांना चालायची हौस दिली असेल, पण खाट दिली नव्हती.

तशी खाट देणारे कोणीच नव्हते असे नाही. १८८४मध्ये बोहेमियातल्या होहेनएल्बे या गावच्या गिडो रोटर नावाच्या उद्योजकाने रीझनगेबिर्ग पर्वतात विद्यार्थ्यांसाठी निवासांची साखळी सुरू केली होती. परंतु विद्यार्थी म्हणजे वरच्या शाळांतले आणि विद्यापीठांतले. बर्लिनजवळच्या श्टेग्लित्स येथे १८९६ला सुरू होऊन १९०१मध्ये रीतसर स्थापन झालेली 'वांडरफोगेल' ही प्रसिद्ध भटक्या तरुणांची चळवळही गिम्नाझियमच्या मुलांची, म्हणजे सुस्थितीतल्या घरांची. ती गिटार घेऊन निघत आणि शेतकऱ्याच्या गवताच्या माळ्यावर झोपत. गरिबीचा तो खेळ होता. ज्यांच्या घरी गादी आहे त्यांनाच गवतावर झोपण्यात काव्य सापडते. या चळवळीविषयी आपल्याकडे थोडे भाबडेपणाने लिहिले जाते म्हणून येथे हेही नोंदवले पाहिजे की १९१३मध्ये त्सिटाउ येथल्या शाखेने एका मुलीला केवळ ती ज्यू आहे म्हणून प्रवेश नाकारला, आणि त्यावरून चळवळीत बराच वाद माजला. तेव्हा हिटलरचे नावही कोणी ऐकलेले नव्हते.

आता २६ ऑगस्ट १९०९. शिरमान मुलांना घेऊन आल्टेनाहून आखेनच्या दिशेने आठ दिवसांच्या पायी सहलीवर होता. ब्र्योल नदीच्या खोऱ्यात त्यांना वादळाने गाठले. एका खेड्यातल्या शाळेने दार उघडले. सुट्टीचे दिवस होते, वर्ग रिकामे होते. बाके बाजूला सारली, एका शेतकऱ्याकडून गवत मिळाले. मुले झोपली आणि मास्तर जागा राहिला. रात्रभर विजा चमकत होत्या आणि त्याच्या डोक्यात एक हिशेब चालू होता. प्रत्येक गावात शाळा आहे. प्रत्येक शाळा सुट्टीत रिकामी असते. एका दिवसाच्या चालीइतक्या अंतरावर एकेका शाळेत दोन खोल्या, गवताच्या गाद्या आणि एक समजूतदार माणूस एवढे असले तर सारा देश गरिबाच्या मुलासाठी उघडतो.

मला या कल्पनेतला साधेपणा फार मोलाचा वाटतो. नवे काही बांधायचे नाही. जे आहे त्याची किल्ली मिळवायची. १९१०मध्ये त्याने ही कल्पना वर्तमानपत्रातून मांडली आणि शीर्षकातच 'फोल्क्सश्युलर' म्हणजे सामान्य प्राथमिक शाळेतले विद्यार्थी हा शब्द घातला. देणग्या येऊ लागल्या. हिल्शेनबाखचा विल्हेल्म म्युन्कर हा छोटा कारखानदार त्याला येऊन मिळाला. तोही १८७४चाच. शिरमान स्वप्न बघणारा आणि म्युन्कर हिशेब ठेवणारा, अशी ही जोडी. जगातल्या बहुतेक टिकाऊ संस्थांच्या मुळाशी एक म्युन्कर असतो आणि तो सहसा कोणाला आठवत नाही, हा भाग वेगळा.

आल्टेनाच्या किल्ल्याचीही एक गंमत आहे. १६०९मध्ये मार्कची जहागीर ब्रांडेनबुर्गच्या होहेनत्सोलर्न घराण्याकडे गेली. त्या घटनेला तीनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, म्हणजे नेमके १९०९च्या आगेमागे, तिथल्या जिल्हाधिकाऱ्याने पडक्या किल्ल्याची पुनर्बांधणी काढली. अवशेष आहेत तसे राखावेत की मध्ययुग कसे 'असायला हवे होते' तसे नव्याने उभारावे, यावर जर्मनीभर जाणकारांत मोठे रण माजले. रायगडाच्या संदर्भात असले वाद आपण ऐकतो, त्यामुळे त्याचा सूर वाचकांना अपरिचित वाटणार नाही. बांधकाम झालेच. सम्राटाच्या घराण्याचा गौरव करण्यासाठी उभारलेल्या त्या भिंतींत शिरमानने तारकारखान्यातल्या मुलांसाठी जागा मिळवली. किल्ल्यातले हे वसतिगृह १९१२मध्ये सुरू झाले असे काही जण म्हणतात, १९१४ असे काही. १ जून १९१४ ही तारीख सामान्यतः कायमच्या उद्‌घाटनाची मानली जाते. जगातले पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह ते हेच. त्या मूळ खोल्या आता संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. जाड लाकडाच्या, एकावर एक तीन अशा खाटा. जहाजाच्या पोटात असाव्यात तशा. मुलांची खोली वेगळी, मुलींची वेगळी; पण मुलींची खोली आहे, हे त्या काळात लहानसहान नव्हते.

उद्‌घाटनानंतर दोन महिन्यांत महायुद्ध सुरू झाले. शिरमान व्होज पर्वतात आघाडीवर होता. १९१५च्या नाताळात तेथे जर्मन आणि फ्रेंच खंदकांमध्ये काही काळ बंदुका थांबल्या. सैनिकांनी एकमेकांना पाव, डुकराचे मांस, मद्य असे काय काय दिले. शिरमानने पुढे लिहून ठेवले आहे की तेथेच त्याच्या मनात दुसरी कल्पना आली : वेगवेगळ्या देशांतल्या विचारी तरुणांना भेटता येईल अशा जागा असाव्यात. म्हणजे १९०९च्या कल्पनेत गरीब-श्रीमंत हा भेद ओलांडायचा होता, १९१५च्या कल्पनेत देशाची सरहद्द. मध्ये सहाच वर्षे आहेत, पण पहिली कल्पना मास्तराची आणि दुसरी खंदकातल्या शिपायाची.

१९१९मध्ये जर्मन युवा वसतिगृहांची राष्ट्रीय संघटना झाली आणि पुढच्या दशकात तिचा विस्तार थक्क करणारा आहे. जुने किल्ले, गिरण्या, शाळा, बरॅकी, एखादे जहाजसुद्धा, अशा दोन हजारांहून अधिक जागा १९३०च्या सुमारास उघडल्या होत्या. १९२४मध्ये स्वित्झर्लंड, १९३०मध्ये ब्रिटन, १९३४मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधले नॉर्थफील्ड. ऑक्टोबर १९३२मध्ये अॅमस्टरडॅमला अकरा देशांच्या संघटना एकत्र आल्या आणि आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला. अध्यक्ष अर्थात शिरमान. त्या वसतिगृहांचे नियम आज कडक वाटतील. पायी किंवा सायकलने यावे, दारू-तंबाखू नको, ठरल्या वेळी दिवे बंद, सकाळी आपली खोली आपण झाडावी. व्यवस्थापकाला 'हेर्बेर्गफाटर' म्हणत, वसतिगृहाचा बाप, बाईला आई. या शब्दांत माया आहे आणि धाकही. पण कोळशाच्या खाणीतला मुलगा आणि प्राध्यापकाची मुलगी एकाच नळावर भांडी घासतात, हे तेव्हाच्या जर्मनीत दुसऱ्या कोणत्या छपराखाली घडत होते, याचा शोध घेण्यासारखा आहे.

आणि आता दुसरे डोंगरी गाव. होनस्टाइन.

ड्रेस्डेनच्या आग्नेयेस, एल्बे नदीच्या काठाने वालुकाश्माच्या उंच सुळक्यांचा जो मुलूख आहे त्याला सॅक्सन स्वित्झर्लंड म्हणतात. कास्पार डेव्हिड फ्रीडरिशच्या धुक्यातल्या कड्यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी हा मुलूख पाहिल्यासारखाच आहे. चित्रकार ज्या वाटेने हिंडत तिला आज 'चित्रकारांची वाट' म्हणतात, आणि ती होनस्टाइनवरून जाते. गाव एवढेसे. मध्ये कड्यावर किल्ला. विसाच्या दशकाच्या मध्यास त्यात युवा वसतिगृह सुरू झाले आणि पाहता पाहता जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या वसतिगृहांत त्याची गणना होऊ लागली. १९२८मध्ये माक्स याकोब हा बाहुल्यांचे खेळ करणारा कलावंत आपली मंडळी घेऊन तेथे आला. त्याचा हातमोजाबाहुला कास्पर 'होनस्टाइनचा कास्पर' म्हणून देशभर नावाजला गेला. कड्यावरचा किल्ला, दिवसभर सुळके चढून दमलेली मुले आणि संध्याकाळी अंगणात कास्परचा खेळ. जर्मन लोकशाहीच्या त्या अल्पायुषी दशकाचे याहून सुखद चित्र मला माहीत नाही.

वसतिगृहाचा प्रमुख होता कोनराड हानेवाल्ड, सोशल डेमोक्रॅट विचाराचा. मार्च १९३३मध्ये नाझींनी किल्ल्यावर स्वस्तिकाचा झेंडा लावायला सांगितले. त्याने नकार दिला. एस.ए.च्या तुकड्यांनी किल्ला ताब्यात घेतला, वसतिगृहाची छळछावणी केली आणि तिथल्या पहिल्या कैद्यांत हानेवाल्ड स्वतः होता. ज्या खोल्यांचा तो 'बाप' होता त्याच खोल्यांत त्याला डांबले गेले. त्यानंतर ऑगस्ट १९३४पर्यंत हजारो माणसे तेथे आणली गेली : कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, ज्यू, कामगार पुढारी. मारहाण इतकी भीषण होती की नाझी राजवटीच्याच न्यायालयाने १९३५मध्ये ड्रेस्डेन येथे पहारेकऱ्यांना शिक्षा ठोठावल्या. हिटलरने त्यांना माफी दिली. आणि मग? मग तेथे पुन्हा वसतिगृह सुरू झाले, या वेळी हिटलर युवकांसाठी. खाटा होत्याच. युद्धात युद्धकैद्यांची छावणी, युद्धानंतर निर्वासितांचा आसरा, पूर्व जर्मनीच्या काळात पुन्हा वसतिगृह. एकाच इमारतीच्या त्याच भिंती. हेर्बेर्ग या शब्दात लष्कराचा तळ दडलेला होता, तो असा वर आला.

एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. छावणी करण्यासाठी वसतिगृहच का निवडले? उत्तर अंगावर काटा आणणारे आहे. अनेक माणसांना कमी खर्चात झोपवण्याची, जेवू घालण्याची, नोंदवहीत मांडण्याची आणि ठरल्या वेळी उठवण्याची सोय तेथे तयारच होती. गावाबाहेर, कड्यावर, एकच दरवाजा. जे गुण सहलीसाठी, तेच कैदेसाठी.

शिरमानचे काय झाले? या ठिकाणी त्याच्या चाहत्यांची लेखणी अडखळते, तशी माझीही अडखळते. तो होनस्टाइनचा हानेवाल्ड नव्हता. १९३३मध्ये हिटलर युवक संघटनेने वसतिगृहांची संघटना गिळली तेव्हा त्याने विरोधाचा झेंडा उभारला नाही. संस्था टिकावी म्हणून नव्या धन्यांशी जुळवून घेतले, मानाच्या पदावर राहिला. म्युन्कर बाजूला झाला. ज्यूंना दारे बंद झाली. नाझींना शिरमानचा आंतरराष्ट्रीय मान काही काळ उपयोगी पडला आणि तो उपयोग संपल्यावर १९३६मध्ये त्यांनी त्याला महासंघाचे अध्यक्षपद सोडायला लावले. पुढे तो ग्रेफेनवीसबाख या लहान गावी राहायला गेला. युद्धानंतर १९४९मध्ये संघटना पुन्हा आल्टेनाच्या किल्ल्यातच उभी राहिली, शिरमान तेव्हा पंचाहत्तरीचा होता. १९६१मध्ये तो वारला. त्याला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. पण आपण वाढवलेल्या संस्थेवर माणसाचे इतके प्रेम बसते की ती कशासाठी उभी केली होती ते विसरून तो तिच्या भिंती वाचवू लागतो. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांचा आणि साहित्यसंस्थांचा इतिहास ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

जर्मनांकडे बोट दाखवण्याआधी मला एक दुसरी सराई आठवते. १९१७. आल्टेनाची तीन मजली खाट तीन वर्षांची झाली होती आणि तिचा मालक खंदकात होता. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला पंचविशीतला तरुण बडोद्याच्या स्टेशनवर उतरला. संस्थानात नोकरी होती, राहायला जागा नव्हती. हिंदू खाणावळी त्याला घेणार नव्हत्या. एक पारशी सराई होती; तेथे पारशी नसलेल्याला प्रवेश नव्हता, पण उत्पन्न नसलेल्या चालकाने पारशी नाव नोंदवहीत लिहून त्याला वरच्या मजल्यावर ठेवून घेतले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे जिना चढून वर आली. संध्याकाळपर्यंत जागा सोडायचा हुकूम झाला. दोन मित्रांच्या दारी जाऊन आल्यावर डॉ. आंबेडकरांनी काही तास कामाठी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोटेखानी आत्मकथनातला हा प्रसंग आहे. त्या लेखनाचे शीर्षकच प्रवाशाच्या भाषेतले आहे, याकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. आपल्या देशात प्रवासवर्णनाचा इतिहास लिहायचा झाल्यास तो या सराईच्या जिन्यावरून जायला हवा. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मधला ब्राह्मण भिक्षुक बंडाच्या धामधुमीतही ज्या सहजतेने मुक्काम मिळवतो, त्या सहजतेचा अर्थ बडोद्याचा प्रसंग शेजारी ठेवला की वेगळा लागतो.

म्हणूनच मराठीत 'वसतिगृह' हा शब्द उच्चारला की डोंगर आठवत नाही. आपल्याला आठवते ते शाहू महाराजांचे कोल्हापूर, जेथे १९०१पासून एकेका जातीची वसतिगृहे उभी राहिली. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांचे सातारा, जेथे १९२४मध्ये साऱ्या जातींच्या मुलांना एकाच छपराखाली, एकाच पंगतीत बसवले गेले. शिरमान आणि भाऊराव एकमेकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण गरिबाचे मूल शिकायचे तर आधी त्याच्या रात्रीची सोय करावी लागते, या एका जाणिवेवर दोघेही आपापल्या वाटेने पोहोचले. आपल्याकडे मुलगा शाळेपाशी येण्यासाठी खाट लागली, तिकडे शाळेबाहेर पडण्यासाठी.

भारतात युवा वसतिगृहांची चळवळ १९४५मध्ये शिमल्याजवळच्या तारादेवी येथे रुजली आणि १९७०मध्ये तिला अखिल भारतीय रूप आले. नोकरदार, मध्यमवर्गीय मराठी घरांतली हजारो मुले पुढे तिच्या हिमालयातल्या मोहिमांवर गेली. कसोलच्या तळावरचे तंबू, स्टीलच्या ताटल्या आपल्या आपण धुण्याची रांग, रात्रीची शेकोटी आणि सक्तीने दिवे मालवणे हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना आता कळेल की त्या रांगेत आपण नकळत आल्टेनाच्या मास्तराचा नियम पाळत होतो. गो. नी. दांडेकरांच्या वाचनाने गड चढू लागलेली आणि त्या मोहिमांनी हिमालयात गेलेली पिढी एकच आहे.

त्या कसोलमध्ये, मनालीत, मॅक्लिऑडगंजमध्ये आज खासगी हॉस्टेले उभी आहेत. भिंतींवर रंगीत चित्रे, खाटेशी स्वतंत्र दिवा, लॅपटॉप ठेवायला फळी. पायी येण्याची अट अर्थातच नाही. रात्रभराच्या बसने येतात. मी याची थट्टा करत नाही. एकट्या मुलीला अनोळखी डोंगरी गावात माफक पैशांत सुरक्षित रात्र मिळते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आल्टेनाच्या मुलींच्या खोलीपासून निघालेला धागा येथवर आला आहे. परंतु यांपैकी अनेक ठिकाणी एक नियम आढळतो : ओळखपत्रावर त्याच गावाचा पत्ता असेल तर प्रवेश नाही. सुरक्षिततेसाठी, असे कारण सांगतात. पहिल्यांदा ते वाचले तेव्हा मी काउंटरवरच्या तरुणाला विचारले, तू कुठला? तो त्याच खोऱ्यातला निघाला. रोज तीस जणांना किल्ली देत होता, आणि सुट्टीच्या दिवशी नियमाप्रमाणे तेथली खाट त्याला मिळाली नसती. तो हसला, मीही हसलो. नंतर ते हसणे बराच वेळ सलत राहिले.

आल्टेनाविषयी थोडे सांगायचे राहिले. तारेचा धंदा मंदावला, तरुण बाहेर गेले, लोकसंख्या झपाट्याने घटली, घरे रिकामी पडली. गावाने २०१४मध्ये डोंगराच्या पोटातून बोगदा काढून किल्ल्यावर जायला लिफ्ट बसवली. शिरमानला हे आवडले असते असे वाटत नाही. मग २०१५ साली सीरिया आणि इतर देशांतून निर्वासित जर्मनीत येऊ लागले. प्रत्येक गावाला वाटा ठरवून दिला होता. आल्टेनाच्या नगराध्यक्षाने, आंद्रेआस होल्स्टाइन यांनी, आमच्याकडे घरे रिकामी आहेत म्हणून ठरल्यापेक्षा शंभर माणसे जास्त घेतली आणि त्यांना छावणीत न ठेवता गावातल्या घरांत ठेवले. रिकाम्या जागेची किल्ली मिळवायची, हा १९०९चाच हिशेब. २०१७च्या मे महिन्यात गावाला त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी होल्स्टाइन एका कबाबच्या दुकानात उभे असताना एका स्थानिक माणसाने निर्वासितांवरून शिव्या देत त्यांच्या गळ्यावर सुरी लावली. दुकानदार बाप-लेक मूळचे तुर्कस्तानचे. दोघांनी हल्लेखोराचा हात धरला आणि सुरी काढून घेतली. जखम वरवरची निघाली. दुसऱ्या दिवशी गळ्याला पट्टी लावून नगराध्यक्ष पत्रकारांपुढे बसले होते.